हेलन केलर आणि सागरापलीकडची अंध बालके

दान देणारे हात जगात पुष्कळ आहेत. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये ही शिकवण आपल्या घराघरांतून लहानपणापासून मिळते, आणि बहुतेक जण ती यथाशक्ति पाळतातही. परंतु ज्याला आपले दार सापडतच नाही, ज्याला वाटच दिसत नाही, त्याच्याकडे कोणी जावे? घर सोडून, समुद्र ओलांडून, परक्या भाषेच्या मुलखात अशा माणसाचा शोध घेत जाणारे विरळा. त्यांपैकी एका स्त्रीचे चरित्र ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी धर्मग्रामस्थांपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा अल्प प्रयत्न केला आहे. विशेष हे की, ती स्त्री स्वतः आंधळी होती आणि बहिरीही होती. तिचे नाव हेलन केलर.

तिच्या बालपणाची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना वाचली असेल. तिच्या उत्तरायुष्यातील प्रवासांची माहिती मात्र फारच थोड्यांना असते. म्हणून पहिला भाग थोडक्यात सांगून दुसऱ्याकडे वळू.

हेलनचा जन्म अमेरिकेच्या दक्षिण भागात, अलाबामा संस्थानातील टस्कंबिया गावी २७ जून १८८० रोजी झाला. वडील आर्थर केलर हे गावातील प्रतिष्ठित गृहस्थ. आईचे नाव केट. मूल सुदृढ होते. परंतु एकोणीस महिन्यांचे असताना त्याला तीव्र ज्वर आला. ज्वर उतरला आणि घरात आनंद झाला. पण थोड्याच दिवसांत आईच्या ध्यानात आले की, डोळ्यांपुढे हात हालविला तरी मुलीची पापणी लवत नाही आणि जेवणाची घंटा वाजली तरी ती मान वळवीत नाही. दृष्टी गेली, श्रवण गेले, आणि कानच नसल्यामुळे नुकते फुटू लागलेले बोबडे बोलही मावळले. पुढील पाच वर्षे ती मुलगी घरात एखाद्या कोंडलेल्या पाखराप्रमाणे वाढली. भूक लागली, राग आला, माया दाटली, तर त्यासाठी तिच्याजवळ काही खुणा होत्या. शब्द एकही नव्हता.

आईबाप सुखवस्तु होते. त्यांनी वैद्य केले, प्रवास केला, आणि टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्यांच्या सल्ल्यावरून बॉस्टन येथील पर्किन्स अंधशाळेस पत्र लिहिले. त्या पत्राचे उत्तर म्हणून जी शिक्षिका टस्कंबियास आली, तिची कहाणी सांगितल्याशिवाय हेलनची कहाणी पुरी होत नाही.

गरीबखान्यातील मुलगी

अ‍ॅनी सलिव्हन ही आयर्लंडहून पोटासाठी अमेरिकेत आलेल्या एका दरिद्री कॅथलिक कुटुंबातील मुलगी. जन्म १४ एप्रिल १८६६ चा. पाचव्या वर्षाच्या सुमारास खुपऱ्यांनी तिचे डोळे बिघडले. आठव्या वर्षी आई क्षयाने वारली. बाप व्यसनी, त्याने मुलांना सोडून दिले. १८७६ साली अ‍ॅनी आणि तिचा लंगडा भाऊ जिमी ह्यांची रवानगी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील ट्यूक्सबरी येथील सरकारी गरीबखान्यात झाली. वृद्ध, वेडे, रोगी, अनाथ, सर्व तेथे एकाच छपराखाली राहत. काही महिन्यांतच जिमी तेथे मरण पावला. आता अ‍ॅनीला जगात कोणी उरले नाही.

त्या गरीबखान्यात येणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूंनी, फादर बार्बरा ह्यांनी, ह्या अर्धवट आंधळ्या पोरीकडे लक्ष दिले आणि तिला लोवेल गावच्या धर्मभगिनींच्या रुग्णालयात नेऊन तिच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करविली. दृष्टी तेव्हा सुधारली नाही. परंतु आपल्यासाठी कोणी तरी वाट वाकडी करून आले, एवढा अनुभव त्या मुलीस मिळाला. पुढे १८८० साली सरकारी पाहुणे गरीबखाना पाहावयास आले असता ती त्यांच्या घोळक्यात शिरली आणि आपल्याला शाळेत जावयाचे आहे असे तिने रडत रडत सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती पर्किन्स शाळेत दाखल झाली. तेव्हा चौदा वर्षांच्या त्या मुलीला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. सहा वर्षांनी ती आपल्या वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. दरम्यान आणखी शस्त्रक्रिया होऊन तिला वाचण्यापुरते दिसू लागले होते.

अशी ही अ‍ॅनी ३ मार्च १८८७ रोजी केलरांच्या घरी आली. वय वर्षे वीस. आपल्याकडे मुले शिक्षिकेला बाई म्हणतात. हेलननेही तिला जन्मभर नावाने न हाकारता केवळ बाई ह्याच अर्थाच्या शब्दाने ओळखले. म्हणून पुढे आपणही त्यांस बाईच म्हणू.

हातपंपाशी

बाईंची पद्धत साधी होती. हेलनच्या हाती एखादी वस्तु द्यावयाची आणि दुसऱ्या तळहातावर बोटांच्या खुणांनी त्या वस्तूच्या नावाची अक्षरे लिहावयाची. हेलन त्या खुणांची नक्कल करी. परंतु ह्या खुणा म्हणजे त्या वस्तूचे नाव, हे तिच्या ध्यानात येत नव्हते. एक महिना असा गेला. ५ एप्रिल रोजी बाईंनी तिला अंगणातील हातपंपाशी नेले. एका हातावर थंड पाण्याची धार सोडली आणि दुसऱ्यावर पाणी हा शब्द पुनःपुन्हा लिहिला. एकाएकी मुलगी स्तब्ध झाली. जगातील प्रत्येक वस्तूला नाव आहे, हे तिला त्या क्षणी समजले. मग जमिनीवर हात ठेवून तिने जमिनीचे नाव विचारले, पंपाचे विचारले, आणि शेवटी बाईंकडे वळून त्यांचेही विचारले. त्या दिवशी सायंकाळपर्यंत ती कितीतरी शब्द शिकली.

येथून पुढचा तिचा अभ्यासक्रम नवलाचा आहे. ब्रेल लिपी ती शिकली; वाणी नसताना बोलण्याचा प्रयत्न करू लागली; १९०० साली रॅडक्लिफ महाविद्यालयात तिचा प्रवेश झाला आणि १९०४ साली ती सन्मानाने पदवीधर झाली. प्रत्येक व्याख्यान बाई शेजारी बसून तिच्या हातावर लिहीत. विद्यार्थिदशेतच, १९०३ साली, तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि तिचे नाव देशोदेशी गेले.

परंतु ह्या सर्वांहून मला एक लहान गोष्ट अधिक मोलाची वाटते. हेलन दहा-अकरा वर्षांची असताना तिचा आवडता कुत्रा कोणी गोळी घालून मारला. तिला नवा कुत्रा घेऊन द्यावा म्हणून लोक पैसे गोळा करू लागले. त्याच सुमारास टॉमी स्ट्रिंगर नावाच्या एका आंधळ्या-बहिऱ्या बालकाची हकीकत तिला समजली. त्याची आई वारली होती, बापाला त्याचे शिक्षण झेपत नव्हते, आणि तो गरीबखान्यात पडला होता. तिने कुत्रा नको म्हटले. तो पैसा टॉमीच्या शिक्षणासाठी द्यावा असे ती पत्रे लिहून सांगू लागली, आणि १८९१ साली टॉमी बॉस्टनच्या अंध बालकांच्या शाळेत आला. बाई ज्या गरीबखान्यातून सुटल्या तशाच एका गरीबखान्यातून त्यांच्या शिष्येने दुसऱ्याला सोडविले. पुढील आयुष्याचे बीज हेच होय.

बाईंच्या पश्चात

पदवी मिळाल्यानंतर हेलन केलर ह्यांनी अंधांच्या कार्यास वाहून घेतले. नवजात अर्भकांच्या डोळ्यांत जन्मतःच औषधाचे थेंब घातले असता एका प्रकारचे अंधत्व टळते. परंतु तो रोग लज्जास्पद संसर्गातून येत असल्याने त्याविषयी सभ्य समाजात कोणी बोलत नसे. त्यांनी १९०७ साली स्त्रियांच्या मासिकातून त्याविषयी उघड लिहिले. १९२४ पासून अमेरिकन अंध-प्रतिष्ठानाच्या त्या प्रतिनिधी झाल्या आणि गावोगाव फिरून त्यांनी निधी जमविला.

इकडे बाईंची दृष्टी पुन्हा मंदावत गेली व अखेरीस पूर्ण नाहीशी झाली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्या निवर्तल्या. जवळजवळ पन्नास वर्षे जिच्या बोटांतून सारे जग आपल्या हाती आले, ती गेल्यावर हेलन केलर ह्यांचे काय होणार, अशी पुष्कळांस चिंता पडली. त्यांचे वय तेव्हा छप्पन वर्षांचे होते. १९१४ पासून त्यांच्या सोबत असलेल्या पॉली थॉम्सन ह्या स्कॉटिश बाई आता त्यांचे डोळे आणि कान झाल्या. शोकात घरी बसून राहावे, तर कोणी दोष दिला नसता. परंतु पुरते सहा महिने होण्यापूर्वीच त्या समुद्रमार्गे निघाल्या.

जपानमध्ये ताकेओ इवाहाशी नावाचे एक विद्वान अंध गृहस्थ होते. विद्यार्थी असताना त्यांची दृष्टी गेली होती. पुढे त्यांनी ओसाका येथे अंधांसाठी मोठी संस्था उभारली. आमच्या देशी या, असे आमंत्रण त्यांनी अमेरिकेत येऊन दिले होते. बाईंच्या आजारपणामुळे ते राहून गेले होते. १ एप्रिल १९३७ रोजी सान फ्रान्सिस्को येथून आसामा मारू नावाच्या आगबोटीने दोघी निघाल्या आणि दोन आठवड्यांनी योकोहामास उतरल्या. उतरल्याबरोबर गर्दीत त्यांचा बटवा चोरीस गेला. हे कळताच जपानच्या कानाकोपऱ्यातून लोकांनी लाजेने व प्रेमाने त्यांच्याकडे पैसे पाठविले.

जपान हा बेटांचा देश. तेथे अंधांना शतकानुशतके एक ठराविक धंदा होता, तो म्हणजे अंग रगडणे आणि सुया टोचून उपचार करणे. क्योटो येथे १८७८ साली पहिली शाळा निघाली होती, जपानी भाषेसाठी ब्रेल लिपी १८९० साली तयार झाली होती, आणि ओसाकाच्या माइनिची दैनिकातर्फे १९२२ पासून ब्रेलमध्ये साप्ताहिकही निघत होते. परंतु अंध मुलाला शाळेत पाठविलेच पाहिजे असे बंधन नव्हते. खेड्यापाड्यांत असे मूल म्हणजे घराण्याचे दुर्दैव, असे समजून त्याला आतल्या खोलीत ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. ही रीत केवळ जपानातच होती असे कोणी समजू नये.

सभेत त्यांचे भाषण कसे होत असे, हे समजून घेण्यासारखे आहे. हेलन केलर आपल्या अस्पष्ट, सायासाने कमावलेल्या वाणीने बोलत. पॉलीबाई ते वाक्य स्पष्ट इंग्रजीत पुन्हा म्हणत. मग अंध इवाहाशी त्याचे जपानी करीत. श्रोत्यांकडून प्रश्न आला म्हणजे तो ह्याच साखळीतून उलट जाऊन शेवटी बोटांच्या खुणांनी त्यांच्या तळहातावर पोहोचे. अशा रीतीने एकोणचाळीस शहरांतून सत्त्याण्णव व्याख्याने त्यांनी दिली. त्या दौऱ्यात कोरिया आणि मांचुरियाही आले.

तोक्यो येथे त्यांनी हानावा होकिइची ह्या अठराव्या शतकातील अंध पंडिताच्या स्मारकास भेट दिली. बालपणी दृष्टी गेलेल्या ह्या माणसाने जुने ग्रंथ ऐकून ऐकून पाठ केले आणि सहस्रावधी लाकडी ठशांवर ते छापवून राष्ट्राचे वाङ्मय रक्षिले. लहान असताना हेलनच्या आईने तिला ह्या पंडिताचा दाखला देऊन धीर दिला होता. आता त्याच पंडिताच्या लहानशा लेखनाच्या मेजावर त्यांनी हात फिरविला.

जुलैमध्ये चीन-जपान युद्धाला तोंड लागले आणि त्या परतल्या. चार वर्षांनी त्यांचा स्वतःचा देश आणि जपान एकमेकांचे वैरी झाले.

वैऱ्याच्या देशी

महायुद्धाच्या काळात त्यांनी जखमी व आंधळ्या झालेल्या सैनिकांची रुग्णालये पालथी घातली. १९४६ च्या अखेरीस त्या युरोपातील अंधांची स्थिति पाहावयास गेल्या असता मागे त्यांचे घर आगीत भस्म झाले. त्यात बाईंच्या चरित्राचे, अनेक वर्षे खपून लिहिलेले हस्तलिखितही जळाले. त्यांनी दौरा पुरा केला. ते चरित्र त्यांनी नव्याने लिहिले आणि १९५५ साली प्रसिद्ध केले.

१९४८ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्या पुन्हा पॅसिफिक महासागराच्या प्रवासास निघाल्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील अंधशाळा पाहून ऑगस्टच्या शेवटी त्या जपानला पोहोचल्या. देश पराभूत होता, शहरे जळालेली होती, अन्नाचा तुटवडा होता. आदल्याच वर्षी परकीय अंमलदारांनी सुया टोचण्याचा धंदा बंद करण्याचा विचार चालविला होता, आणि मोठ्या चळवळीनंतरच अंधांची ती भाकरी वाचली होती. अंध व बधिर मुलांचे शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्यास त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रारंभ झाला होता. अशा वेळी त्या आल्या आणि गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरल्या, ती अशी की, अंधाला दया पुरेशी नाही, त्याला शिक्षण हवे आणि काम हवे. लोकांनी मोठ्या प्रमाणात देणग्या दिल्या. त्यांतून १९५० साली तोक्यो येथे त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. १९४९ च्या डिसेंबरात अपंगांच्या कल्याणाचा कायदा मंजूर झाला. ह्या कायद्यामागे इतरांचे पुष्कळ वर्षांचे श्रम होते. पण ह्या दौऱ्याने लोकमत जागे झाले, हे जपानी लोकच मान्य करतात.

ऑक्टोबरात त्या हिरोशिमास गेल्या. एका मनुष्याने अणुबाँबने भाजलेल्या आपल्या चेहऱ्यावरून त्यांना हात फिरवू दिला. ज्यांच्या बोटांनी आजवर अक्षरे आणि फुले वाचली होती, त्या बोटांनी हेही वाचले. ते भाजणे त्यांच्या स्वतःच्या देशाने केलेले होते. ती भेट त्या कधीही विसरल्या नाहीत, आणि अणुशस्त्रांविरुद्ध झटण्याचा त्यांनी निश्चय केला.

नंतर त्या नागासाकीस गेल्या. हे नाव आपल्याला परके नाही. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ह्याच नगरीत क्रुसावर प्राण अर्पण केले. त्या रक्तसाक्षींच्या नगरीतील उराकामी भागात सुमारे बारा हजार कॅथलिक राहत. ९ ऑगस्ट १९४५ च्या बाँबने त्यांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मृत्यु पावले असे सांगतात. डॉक्टर ताकाशी नागाई हे त्याच धर्मग्रामातले. क्ष-किरणांच्या कामामुळे त्यांना आधीच रक्ताचा कर्करोग जडला होता. बाँबने त्यांची पत्नी मिदोरी नेली. दोन लहान मुलांसह ते, लोकांनी बांधून दिलेल्या, दोन चटयांएवढ्या खोपटात अंथरुणावर पडून ग्रंथ लिहीत. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीति करण्याच्या प्रभूच्या आज्ञेवरून त्यांनी त्या खोपटाचे नाव ठेविले होते. त्या खोपटात हेलन केलर आल्या. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही अशी एक वृद्धा, आणि ज्यांना उठवत नाही असा एक आजारी पुरुष. दोघांनी एकमेकांचे हात धरले. हेलन केलर आपल्या सभेच्या नव्हत्या. त्या स्वीडनबॉर्ग ह्या धर्मचिंतकाच्या शिकवणुकीस मानीत. परंतु त्या हस्तस्पर्शात कोणते अंतर उरले होते, हे वाचकांनीच ठरवावे. डॉक्टर नागाई १ मे १९५१ रोजी ख्रिस्तवासी झाले.

हिंदुस्थान आणि अखेरचे बेट

त्याच दौऱ्यात त्या पुढे चीन व हिंदुस्थानात येणार होत्या. पण पॉलीबाई आजारी पडल्या आणि तो बेत सोडावा लागला. सात वर्षांनी, १९५५ साली, त्यांनी तो पुरा केला. तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पाच महिन्यांत सुमारे चाळीस हजार मैलांचा प्रवास करून त्यांनी हिंदुस्थान, पाकिस्तान, फिलिपीन बेटे आणि तिसऱ्यांदा जपान पाहिला. दिल्लीस पंडित नेहरूंनी त्यांचे स्वागत केले; आपल्या मुंबईसही त्यांचे पाय लागले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनी १९०० साली अंधांची शाळा काढली होती, १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली होती, १९५१ साली हिंदी भाषांकरिता एकच भारती ब्रेल निश्चित झाली होती आणि १९५२ साली राष्ट्रीय अंध संघ येथेच स्थापन झाला होता. म्हणजे त्या आल्या तेव्हा काम सुरू झालेले होते. उणीव होती ती घरच्या माणसांच्या विश्वासाची.

१९५७ साली त्या अखेरच्या परदेशप्रवासास निघाल्या, आणि त्या वेळी थेट उत्तरेकडील आइसलंड ह्या बेटापर्यंत गेल्या. १९४६ ते १९५७ ह्या काळात त्यांनी पाच खंडांतील पस्तीस देश पाहिले. पाहिले हा शब्द जाणूनबुजून योजिला आहे. १९६० साली पॉलीबाई वारल्या. पुढल्या वर्षी झटका आल्यावर हेलन केलर लोकजीवनातून निवृत्त झाल्या आणि १ जून १९६८ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षात, निद्रेत त्यांचा अंत झाला. वॉशिंग्टनच्या कॅथिड्रलमध्ये बाई आणि पॉलीबाई ह्यांच्या शेजारीच त्यांची रक्षा ठेविली आहे.

धर्मग्रामस्थहो, हे चरित्र वाचून अचंबा वाटेल आणि अचंब्यावरच आपण थांबू, अशी मला भीति वाटते. आपल्या घरांतून अंध मुलावर माया कमी नसते. त्याला पहिला घास मिळतो, आजी त्याला उशाशी घेऊन निजते. परंतु शाळेचा विषय निघाला की, हा काय शिकणार, पडेल, झडेल, लोक हसतील, असे म्हणून त्याला ओटीवर बसविले जाते. आणि मायेच्या भरात आपण त्याचे दार बाहेरून लावून घेतो. २०१६ च्या कायद्याने अंध मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळण्याचा अधिकार आहे. ब्रेल पुस्तके आहेत, बोलणारी यंत्रे आहेत, शिकविणारे शिक्षक आहेत. आता आयर्लंडच्या मुलीने टस्कंबियास येण्याची वाट पाहावयास नको.

ज्युबिलीनिमित्त आपण मंदिराला रंग दिला, घंटा नवी केली, मिरवणूक काढली. त्याबरोबर एवढे करावे. प्रत्येक वाडीच्या प्रमुखांनी आपल्या वाडीत असे मूल, असा तरुण किंवा उतारवयात दृष्टी गेलेले कोणी आहे काय ह्याची घरोघर जाऊन चौकशी करावी, आणि ती नावे धर्मगुरूंकडे आणून द्यावी. पुढची व्यवस्था करण्यास मी आणि येथील धर्मभगिनी बांधलेले आहोत. कोणाला महासागर ओलांडावयाचा नाही. बहुतेकांना नुसता एक बांध ओलांडून शेजारच्या अंगणात जावयाचे आहे.